नाव घेऊन सांगा

मून हे आडनाव आमच्या यवतमाळकडे नवं नाही. पण पाचवीतल्या मुलांना इंग्रजी शब्द कळायला लागले की दरवर्षी त्यांना त्याचा नव्यानं शोध लागायचा. मग फळ्याच्या कोपऱ्यात खडूची चंद्रकोर यायची. प्रमिला मून मॅडम भूगोलाच्या तासाला आत येत, फळ्याकडे बघत आणि म्हणत, "शुक्ल पक्षातली काढली की कृष्ण पक्षातली? उजेड कोणत्या बाजूनं येतो ते आधी ठरवा, मग काढा." चिडवायला निघालेल्या पोरांचा असा पुरता भूगोल होऊन जायचा.

राळेगाव तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवत होतो. मॅडम माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. डबा उभ्यानं खायच्या. बसून खाल्लं की पुढच्या तासाला झोप येते, असं त्यांचं म्हणणं. स्कूटी इतकी सावकाश चालवत, की सायकलवरची मुलं त्यांना मागे टाकून पुढे जात आणि वळून नमस्कार करत. मोबाईल चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या. संगणक खोलीची जबाबदारी त्यांच्याकडेच होती, कारण बाकी कोणी ती घ्यायला तयार नव्हतं.

मुलांना त्या 'तुम्ही' म्हणायच्या. पाचवीपासून दहावीपर्यंत, सगळ्यांना. "तुम्ही गृहपाठ का नाही केला?" असं त्या सव्वा हात उंचीच्या पोराला विचारत, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये हसून घ्यायचो. एकदा सातवीतला एक जण त्यांच्याकडे तक्रार घेऊन आला. "मॅडम, मले तुम्ही म्हणत नका जाऊ. सारे हासते."

"तुम्ही मला काय म्हणता?"

"तुम्ही."

"मग मी वेगळं काय केलं?"

पोरगा कपाळाला आठ्या घालून वर्गाकडे निघून गेला. त्याला उत्तर सापडलं नाही. आम्हालाही सापडलं नव्हतं, म्हणून आम्ही हसत होतो.

त्यांचं एक वाक्य मात्र सगळ्या शाळेला नकोसं झालं होतं. "नाव घेऊन सांगा." कोणी म्हणालं, "मॅडम, काही मुलं मागच्या बाकावर गोंधळ करतात," की त्या विचारायच्या, "काही म्हणजे कोण? नाव घेऊन सांगा." मुख्याध्यापकांनी एका बैठकीत नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली, "काही शिक्षक वेळेवर येत नाहीत..." मून मॅडम उठल्या. "सर, असं 'काही' म्हटलं की जो वेळेवर येतो त्यालाही लागतं आणि जो येत नाही त्याला लागतच नाही. नाव घेऊन सांगा. मी या महिन्यात दोनदा उशिरा आली." मी महिन्यात आठ-दहा दिवस उशिरा येत असे. मी टेबलावरचा पेपर उलटा-सुलटा करत बसलो.

शिक्षकांच्या ग्रुपवर त्या नव्हत्या. आधी होत्या. कोणीतरी आपल्याच शिपायाच्या तोतरेपणावर विनोद टाकला, तेव्हा त्यांनी तिथं लिहिलं, "हा माणूस रोज तुम्हाला पाणी आणून देतो," आणि ग्रुप सोडला. त्या गेल्यावर आम्हाला मोकळं वाटलं, हे खरं आहे.

मुलांच्या हातात फोन आले तशी शाळेत नवीन भांडणं यायला लागली. आठवीतल्या एका जाड मुलाच्या नावानं कोणीतरी खोटं खातं उघडलं आणि त्यावरून मुलींना घाणेरडे संदेश पाठवले. मुख्याध्यापक म्हणाले, सगळ्यांची दप्तरं तपासा, फोन जप्त करा, प्रार्थनेच्या वेळी दोषींना उभं करा. राऊत सर म्हणाले, आधी ते डिलीट करायला लावा. मॅडमनी दोघांनाही थांबवलं. "आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट. पुरावा गेला की उद्या हेच पोर म्हणेल मी नव्हतोच. आणि प्रार्थनेच्या वेळी नको. तिथं ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल. त्या मुलाचा आणखी एकदा तमाशा कशाला?"

मग त्यांनी त्या जाड मुलालाच भूगोलाच्या खोलीत बोलावलं. मी शेजारीच पेपर तपासत होतो. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

मुलगा रडायच्या बेतात होता. त्याला वाटलं होतं, तूच काही केलं असशील, असं ऐकावं लागेल. बोट चावत तो म्हणाला, "मले कबड्डीच्या टीममधी घ्या."

खातं उघडणारे दोघं कबड्डीच्याच टीममध्ये होते. मॅडमनी क्रीडाशिक्षकांना गाठलं, त्या दोघांच्या आईवडिलांना वेगवेगळं बोलावलं, खातं बंद करून घेतलं, आणि तो मुलगा टीममध्ये गेला. पहिल्याच सामन्यात त्यानं तिघांना असं दाबून धरलं की मैदानावर ओरडा झाला. त्या दिवशी मॅडमना मी पहिल्यांदा टाळ्या वाजवताना पाहिलं. घड्याळ काढून ठेवून वाजवत होत्या.

मग सुनीताचं घडलं. ते सांगायलाच मी बसलोय. इथवर टाळत आलो.

सुनीता नववीत होती. माझ्याच वर्गात. शाळेपासून पाच-सहा किलोमीटरवर कोलामांचं पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती, तिथून ती सायकलनं यायची. वर्गात बोलायची नाही. मराठीच्या तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायचं होतं आणि नोंद म्हणून मी सगळ्यांचे व्हिडिओ घेत होतो. सुनीताचा विषय होता 'माझी आई'. ती उभी राहिली. आधी पुस्तकी दोन वाक्यं बोलली. मग अडखळली. मग पाठ केलेलं सोडूनच दिलं आणि घरचं बोलायला लागली.

"माही माय कापूस वेचाले जाते. मी म्हनतो, माय, मी बी येतो. थे म्हनते, तू शाळेत जाय. कापसाले मी आहो ना!"

शेवटच्या वाक्याला तिनं आईसारखी हनुवटी वर केली आणि छातीवर थाप मारली. इतकी जोरात की खिशातला पेन खाली पडला. वर्ग हसला. तीही हसली. मी म्हणालो, "छान, छान. बस."

मधल्या सुट्टीत मी तो व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "यंदाची वक्तृत्व स्पर्धा आपलीच!" आणि तीन हसरे चेहरे. का टाकला? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं. मला चार लोकांना हसवायचं होतं, आणि ती हाताशी होती. पाच मिनिटांत सगळ्यांचे हसरे चेहरे आले. मुख्याध्यापकांचाही. मला बरं वाटलं.

तो शनिवार होता. सोमवारी शाळेत आलो तर फाटकापाशी दोन मुलं एकमेकांना छातीवर थाप मारून दाखवत होती. "कापसाले मी आहो ना!" दुपारपर्यंत कळलं की त्या चार सेकंदांच्या मागे डीजेचा ठेका लावून कोणीतरी रील केली आहे, स्टिकर केला आहे, आणि एक पानच उघडलं आहे, ज्यावर सुनीताच्या तोंडाच्या जागी माकडाचं तोंड लावलेलं. मी संडासात जाऊन ग्रुपवरचा माझा संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकला. मुलीची काळजी म्हणून नव्हे.

सुनीता मंगळवारी आली. ती वर्गात शिरताच मागून थापांचा आवाज झाला. बुधवारी ती आली नाही.

मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "तुम्हीच रेकॉर्डिंग केलं ना? बाहेर कसं गेलं?" त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. दोघांच्याही मधोमध एक सोयीचं उत्तर पडलेलं होतं आणि ते मी उचललं. "सर, मी सगळे व्हिडिओ संगणक खोलीत टाकून ठेवले होते. तिथून कोणी घेतला असेल."

संगणक खोली मून मॅडमची. दुसऱ्या दिवशी त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

त्यांनी ती वाचली, घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि माझ्याकडे आल्या. "सर, तुम्ही वर्गशिक्षक आहात. तुमचं अक्षर चांगलं आहे. मधल्या सुट्टीत भूगोलाच्या खोलीत या. लिहायला बसा."

त्यांनी मुलांना एकेक करून बोलावलं. ओरडल्या नाहीत, का पाठवलं असं विचारलं नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न. "तुम्हाला कोणाकडून आला? नाव घेऊन सांगा." मुलं नाव सांगायची. मग ते नाव आत यायचं आणि त्याच्या आधीचं सांगायचं. प्रत्येकाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर तो व्हिडिओ आधी नोंदवून घ्यायचा, मग पुसायचा, हे काम त्या शाळा सुटल्यावर करत होत्या. स्कूटी त्याच वेगानं. आणि मी कागदावर नावं लिहीत होतो, एकाखाली एक. सावकाश, वळणदार अक्षरात मी माझ्याच दिशेनं येत होतो.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दहावीतली श्रावणी आत आली. राऊत सरांची मुलगी. बसायच्या आधीच रडायला लागली. "मॅडम, मी पहिल्यांदा पाठवला. फक्त दोघीजणींना. बाबाच्या फोनवर होता. सर लोकांच्या ग्रुपवर."

मॅडमनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग म्हणाल्या, "श्रावणी, तुम्ही खरं सांगितलं. पाणी प्या." आणि माझ्याकडे न बघता, "सर, लिहा. राऊत सरांचा फोन."

मी लिहिलं.

त्याच दुपारी त्या स्टाफरूममध्ये आल्या. आम्ही तेरा जण होतो, मुख्याध्यापक धरून. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "हा व्हिडिओ संगणक खोलीतून गेलेला नाही. शिक्षकांच्या ग्रुपवरून गेला. मी त्या ग्रुपवर नाही. तुम्ही सगळे आहात. कोणी टाकला? नाव घेऊन सांगा."

राऊत सरांनी घसा साफ केला. "मॅडम, ग्रुपवर दिवसभर काय काय येऊन राह्यते. कोणाच्या ध्यानात राह्यते?"

कोणीतरी 'हो ना' म्हणालं. मॅडमनी एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, इतरांइतकाच वेळ. मला वाटलं, आता बोलावं. जीभ टाळूला चिकटली होती म्हणू का? नव्हती चिकटली. मला बोलता येत होतं. मी बोललो नाही. घंटा झाली आणि सगळे वह्या उचलून उठले. इतक्या तत्परतेनं आम्ही तासाला कधीच गेलो नव्हतो.

जाताना मॅडम मला म्हणाल्या, "उद्या शनिवार. सकाळची शाळा सुटली की पोडावर जायचं. तुम्ही चला."

त्यांच्या स्कूटीवर मागे बसून मी गेलो. पोडाच्या टोकाला सुनीताचं घर. आई, लच्चीबाई, अंगणात कापसातला कचरा निवडत होती. तिनं आमच्यासाठी खाट टाकली. मॅडम खाली जमिनीवर बसल्या. मग मलाही बसावं लागलं. सुनीता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होती.

लच्चीबाई म्हणाली, "पोरगी घरी आली अन् मले इचारते, माय, तू खरंच अशी बोलतं का वं? आता मी इच्यासमोर बोलाले भेतो."

मॅडमनी मान खाली घातली. मग सुनीताकडे बघून विचारलं, "सुनीता, तुम्हाला काय पाहिजे?"

ती त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, माहं झाल्यावर तुम्ही छान म्हनलं होतं. छान होतं का नव्हतं?"

"होतं," मी म्हणालो.

"मंग सारे काहून हासले?"

त्या अंगणात कोणीच मला घाई करत नव्हतं. घंटा होणार नव्हती. मी म्हणालो, "मी तो ग्रुपवर टाकला. बाकीच्या सरांना हसवायला. संगणक खोलीचं खोटं बोललो. मॅडमचा काही दोष नाही."

सुनीता आत निघून गेली. लच्चीबाई मात्र तिथंच बसून राहिली. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. ती उठली, चुलीकडे गेली आणि काळा चहा घेऊन आली. पहिला कप मला दिला. मी तो प्यायलो. अजून कुठे काळा चहा समोर आला की मला तो कप आठवतो.

थोड्या वेळानं आतूनच सुनीताचा आवाज आला. "मले दुसऱ्या शाळेत टाका. अन् त्या साऱ्यायले सांगा, का माह्या मायचं काही चुकलं नाही."

परत येताना मला वाटत होतं, मॅडम आता काहीतरी म्हणतील. त्यांनी मला शाळेच्या फाटकाशी उतरवलं. "सोमवारी पहिल्या तासाला वर्गात सांगा. मुलीनं मागितलं आहे, म्हणून सगळ्यांसमोर. आणि साधं सांगा. भाषण नको."

मी सांगितलं. "सुनीताचं बोलणं चांगलं होतं. मी ते हसण्यासाठी पाठवलं. तिची आई बोलते त्यात काहीही चूक नाही. चूक मी केली." मुलं बाकाकडे बघत राहिली. शेवटच्या रांगेत कोणीतरी हलकेच थाप मारली आणि शेजारच्यानं त्याचा हात धरला. एवढंच झालं. वर्ग बदलला, असं मी म्हणणार नाही.

स्टाफरूममध्ये राऊत सर मला म्हणाले, "कायले कबूल केलं बे? निभलं असतं ना." त्यात रागही नव्हता. माझी काळजीच होती.

मॅडमनी पोलिसांत अर्ज दिला, सोबत सगळे स्क्रीनशॉट जोडले. ते पान बंद झालं. पंधरा दिवसांनी दुसरं उघडलं. त्याचीही तक्रार त्यांनीच केली. सुनीताला कळंबला वसतिगृहाच्या शाळेत दाखल करायला त्याच गेल्या, कागदपत्रांसाठी चार खेपा घातल्या. ती तिथं दहावी पास झाली, एवढं मला कळलं. पुढं काय करते, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिला नाही, असं मी मनाशी म्हणतो. पण खरं म्हणजे भीती वाटते.

मला लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटलं. मॅडमना दिलेली नोटीस मागे घेतल्याचं पत्र मात्र कधी निघालं नाही. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागलो असतो तर निघालं असतं. आज लागू, उद्या लागू, असं करत राहिलो. मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो.

गेल्या वर्षी दहावीच्या पेपर तपासणीच्या कामानं उमरखेडला गेलो होतो. परतताना भर दुपारी बसस्थानकावर बाकावर त्या दिसल्या. केस पूर्ण पांढरे झालेले, डोळ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. तिथं बहिणीकडे राहत होत्या. पुसदला कोणाकडे तरी निघाल्या होत्या. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, शाळेची पटसंख्या विचारली, शाळेतल्या बोअरला पाणी आहे का ते विचारलं. मी सगळी उत्तरं दिली. मग म्हणालो, "मॅडम, ती नोटीस..."

"आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "जपून ठेवली आहे."

"ते माझ्यामुळे..."

"हो, तुमच्यामुळेच." आवाज अगदी साधा होता. "पण सर, नोटिशीचं मला तेवढं वाटलं नाही. त्या दिवशी खोलीत तुम्ही तेरा जण होता. मी तुमच्यासोबत एकोणीस वर्षं डबा खाल्ला होता. त्याचं वाटलं."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात पुसदची गाडी लागली. गर्दी उठली. लोक खिडक्यांतून रुमाल आणि पिशव्या टाकून जागा धरायला लागले. मॅडम उठल्या, एक हात पुढे करून अंदाजानं दाराकडे निघाल्या. पायरी दिसत नव्हती त्यांना. मी कोपराला धरून वर चढवलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. आधारासाठी धरतात तसा धरू दिला, आणि पायऱ्या संपल्या तसा काढून घेतला.

मी खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिलो. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारच्या बाईला विचारायला लागल्या की गाडी पुसदला किती वाजता पोचते. मी दोनदा "मॅडम" म्हणालो. इंजिन सुरू झालं होतं. मॅडम त्या बाईचं उत्तर ऐकत होत्या, मान किंचित तिच्याकडे कललेली. गाडी मागे हटली, वळली आणि फाटकाबाहेर गेली. माझा हात अजून वर होता. मी तो खाली घेतला.